गाळलेलं तेल

आमच्या ह्यांना मेकॅनिकच्या हाती गाडी द्यायची म्हटलं की जिवावर यायचं. पैशाचं दुखणं नव्हतं, खोटं कशाला बोलू. दुखणं होतं त्या काचेचं. सर्व्हिस सेंटरात गाडी आत गेली की काचेचं दार सरकतं, आपण बाहेर सोफ्यावर बसायचं, मशीनची फिकी कॉफी प्यायची आणि आत आपल्या गाडीचं काय चाललंय ते नुसतं बघत राहायचं. इचलकरंजीत आमचा यंत्रमागांचा कारखाना होता. मागाचा कुठला नट किती पिळायचा, हे मिलिंद तोडकर या माणसाला, म्हणजे आमच्या ह्यांना, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. त्याला काचेबाहेर बसवलं तर तो गप्प बसणार होय?

त्यात दुरुस्तीच्या हक्काचा कायदा आला. आपल्या गाडीचं झाकण आपण उघडायचं, कंपनीने आडवं यायचं नाही. फक्त पुढे काही झालं तर ते ज्याचं त्याच्या माथी. पेपरात बातमी आली त्या दिवशी ह्यांनी घरात जिलबी आणली. जिलबी, अहो. पोरीच्या पहिल्या पगाराला आणली नव्हती.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पूर्वी गॅरेज चालवणारा इरफान मुजावर आता त्याच सेंटरात निळा कोट घालून कामाला होता. हे मोठ्या तोऱ्यात त्याला सांगायला गेले, की इथून पुढे आमचं आम्ही बघू. इरफानने एवढंच विनवलं की काका, बाकी काहीही खोला, ब्रेकचं तेल तेवढं आमच्याकडे राहू द्या. का, म्हणून ह्यांनी विचारलं. तर त्यालाही ठाऊक नव्हतं. "आम्हीपण उघडत नाही काका," तो म्हणाला, "डबा आला की जुना काढतो, नवा लावतो. आत काय असतं ते कंपनीला माहीत." हे घरी आले ते हसतच. ज्याला आत काय असतं तेच माहीत नाही त्याला मी कशाला पैसे देऊ, म्हणाले. मला तेव्हा ते पटलं. आजही, खरं सांगायचं तर, अर्धं पटतं.

मग एका रविवारी ह्यांनी अंगणात गाडी जॅकवर चढवली आणि ब्रेकचं तेल काढलं. आमची लेक शर्वरी बाळंतपणाला माहेरी आलेली, तिची गाडीही दारातच उभी. एका कामात दोन्ही उरकू म्हणून तिच्याही गाडीचं काढलं. तेल आलं ते राखेच्या चिखलासारखं, करडं आणि जड. ह्यांनी बोटावर घेऊन चोळलं, उन्हात धरलं. बोटावर बारीक चकाकी होती. लोखंडाचा कीस, हे म्हणाले, सगळा झिजलेला माल तेलात उतरलाय, आणि हे सोन्यासारखं तेल कंपनी फेकून देते.

आता मागवाल्याच्या घरात हे काही नवीन नव्हतं. मागाचं जुनं तेल आम्ही पिढ्यान् पिढ्या गाळून वापरलं. मलमलीचं फडकं, खाली भांडं, आणि तेलात सोडलेला लोहचुंबक. कीस चुंबकाला चिकटतो, तेल फडक्यातून खाली येतं, पुन्हा मागाला घालायचं. जुन्या स्पीकरमधला तळहाताएवढा चुंबक आमच्याकडे होताच. फडकं मीच दिलं आणि त्याची टोकंही मीच धरली. चुंबक वर काढला तर त्याला काळा लगदा चिकटलेला, आणि त्याचे केस साळिंदरासारखे उभे. मला किळस आली. हे मात्र खूश. तो लगदा ह्यांनी लोणच्याच्या बरणीत भरून ठेवला, येईल त्याला दाखवायला. खाली भांड्यात तेल कसं आलं होतं म्हणता, करडईच्या घाण्याच्या तेलासारखं, पिवळं, आरपार. ते दोन्ही गाड्यांत घातलं.

तो कीस घाण नव्हता. तोच ब्रेक होता.

आता मला हे सगळं तोंडपाठ आहे, तर सांगून टाकते. या नव्या गाड्यांत चाकाला घासून झिजणारा ब्रेकच नाही. चाकाबरोबर एक चकती तेलात फिरते, आणि त्या तेलात मैद्याहून बारीक लोखंड मुद्दाम कालवलेलं असतं. पेडल दाबलं की बाजूच्या तारेच्या वेटोळ्यातून वीज जाते, त्याचा चुंबक होतो, आणि लोखंडाचे कण एकमेकांचे हात धरून साखळ्या करतात. पातळ तेल डोळ्याचं पातं लवायच्या आत कणकेसारखं घट्ट होतं आणि चकतीला धरून ठेवतं. पाय काढला की पुन्हा पातळ. झिजायला काही नाही, तेलाचा डबा तेवढा बदलायचा. लोखंड काढून टाकलं तर मात्र वेटोळ्याने कितीही जोर लावू दे, त्याला धरायला काही उरत नाही.

मग आम्हाला कळलं कसं नाही, म्हणाल. सपाट रस्त्यावर ब्रेक लागतोच कुठे. विजेची गाडी पाय सैल केला की मोटरवरच मंदावते. मोटर उलट जनित्र होते, चाकांची गती ओढून घेते आणि तिची वीज करून बॅटरीत ओतते. इचलकरंजी ते कोल्हापूर आम्ही कितीदा गेलो, आलो, गाडी लोण्यासारखी थांबायची. गाडीचा कॉम्प्युटरही रोज सकाळी तपासून सांगायचा की ब्रेक उत्तम आहे. तो तेलाची पातळी बघतो आणि वेटोळ्यातली वीज बघतो. दोन्ही होतं. तेलात लोखंड आहे का, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, कारण ते काढून टाकेल असा माणूस कंपनीच्या डोक्यात आला नसणार.

शर्वरीला सासरी पोचवायचा दिवस ठरला. सासर देवरूखचं. म्हणजे आंबा घाट उतरून खाली. ती तिची गाडी चालवणार, मागे बाळाला घेऊन माझ्या नणंद, मंदावन्सं. आमच्या गाडीत पाळणा, डिंकाचे लाडू, बाळाच्या अंघोळीच्या पाण्याला नवी इंडक्शन शेगडी, तिच्यावरचं मोठं स्टीलचं पातेलं आणि उकळून गार केलेल्या पाण्याचा कॅन. ह्यांचा परवाना डोळ्यांपायी गेलेला, म्हणून स्टिअरिंगवर मी.

घाटाच्या वर, आंब्याला, एक हॉटेल आहे. थाळी घेतली तर चार्जिंग फुकट. ह्यांना ते कुणीतरी सांगितलेलं, म्हणजे दुसरीकडे जेवायचा प्रश्नच नव्हता. चार्जरची वायर एकच. आधी आमची गाडी लावली, आणि ती पूर्ण भरेपर्यंत ह्यांनी दोनदा ताक मागवलं, बडीशेप चघळत फेऱ्या मारल्या. मी म्हटलं, आता पुरे की. पण नाही. खाली कोकणात चार्जरला रांगा असतात, शंभर टक्के झाल्याशिवाय हलायचं नाही. मग शर्वरीच्या गाडीला वायर लावली आणि तिलाही तेच बजावलं. पाळणा आधी पोचून बांधून व्हायला हवा म्हणून आम्ही पुढे निघालो. निघताना खिडकीतून हात काढून ह्यांनी परत ओरडून सांगितलं, "शंभर झाल्याशिवाय निघू नकोस गं." तिने मान डोलावली.

पहिल्या वळणाच्या आधी मी सवयीने पाय सैल केला. गाडी मंदावली नाही. पडद्यावर अक्षरं आली, की बॅटरी पूर्ण भरली आहे, मोटरचा ब्रेक बंद. बरोबरच होतं. भरलेल्या हंड्यात पाणी कुठे ओतणार? मी पेडलवर पाय ठेवला. पेडल खाली गेलं. अजून खाली गेलं. तळाला टेकलं आणि गाडी तशीच चालली, उलट जोर धरायला लागली. मला वाटलं, माझा पाय सटकला. पुन्हा दाबलं. तेव्हा गाडीत बोलणाऱ्या त्या गोड आवाजाच्या बाईने सांगितलं, "ब्रेक व्यवस्थित आहे. कृपया पेडल दाबा."

मी घाबरले. दरी आमच्या बाजूला. डोंगर पलीकडच्या बाजूला, आणि तिकडून वर येणारे ट्रक एकामागे एक. डोंगरावर घासून थांबवावं तर ट्रकखाली जायचं. पहिलं वळण मी कसं घेतलं मला ठाऊक नाही. मागे पाळणा घरंगळला. हे माझ्या नावाने ओरडत होते, की अगं हळू, हळू. मी म्हटलं, ब्रेक लागत नाही. त्यांनी हँडब्रेकचं बटण दाबलं. तोही त्याच तेलावरचा. काही नाही. रिव्हर्स टाकून बघितला, तर गाडी म्हणाली की चालू गाडीत ही सोय मिळणार नाही. आणि दर वेळी ती बाई शांतपणे सांगत होती की ब्रेक व्यवस्थित आहे.

ह्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. वेटोळ्यातली वीज पूर्ण लाल पट्टीपर्यंत गेलेली. ते त्या पट्टीकडे बघत राहिले. मग अगदी हळू बोलले.

"उज्ज्वला, ही गाडी लोखंड धरून थांबते. ते मी बरणीत भरून ठेवलंय."

त्या क्षणी मला त्यांचा राग आला का? नाही आला. रागाला सवडच नव्हती. दुसरं वळण समोर आलं होतं, त्याच्या कठड्याला भगदाड पडलेलं आणि तिथे नुसती लाल-पांढरी पिंपं ठेवलेली.

"हीटर लाव," हे म्हणाले.

बाहेर एप्रिलचं ऊन. मला वाटलं, डोकं फिरलं ह्यांचं. पण त्यांनी स्वतःच सगळी बटणं दाबायला सुरुवात केली. हीटर पूर्ण, सीटच्या गाद्या तापवणारं बटण, मागच्या काचेची तार, दिवे, वायपर. मग तुटक तुटक सांगायला लागले. मोटरला गाडी धरायची आहे, पण धरली की वीज होते आणि ती ठेवायला बॅटरीत जागा नाही. आपण गाडीतच वीज जाळली, तर तेवढी ती बनवेल. जेवढी जाळू तेवढं धरेल.

आणि धरलं, खरंच धरलं. पडद्यावरची ती 'बंद'ची अक्षरं गेली, एक बारकी हिरवी रेघ आली. कुणीतरी मागून पदर धरावा एवढीच ओढ लागली. गाडीचा जोर वाढायचा थांबला, पण कमी काही होईना. आतमध्ये भट्टी झाली. घाम डोळ्यांत जात होता आणि तो पुसायला हात सोडायची माझी छाती नव्हती.

पुरत नाही, हे म्हणाले, आणि पट्टा सोडून दोन सीटांमधून मागे गेले. साठी उलटलेला माणूस, गुडघे दुखतात म्हणून देवळाच्या पायऱ्या टाळणारा. मागे सॉकेट होतं. इंडक्शन शेगडी मांडीवर घेतली, पातेलं वर ठेवलं, कॅनमधलं बाळाचं पाणी त्यात ओतलं आणि बटण पूर्ण फिरवलं. हिरवी रेघ वाढली. गाडी मागे ओढली गेली, मला पोटात जाणवलं ते. वळण मी घेतलं. पिंपाला आरसा घासला, पण घेतलं.

त्या शेगडीचं एक आहे. भांडं जरा उचललं गेलं की ती बंद पडते. वळणावर पातेलं सरकायचं, शेगडी टूं टूं करायची, हिरवी रेघ आखडायची आणि गाडी पुढे धावायची. मग ह्यांनी पातेलं दोन्ही हातांनी दाबून धरलं. पाणी तापत गेलं. आधी त्याचा आवाज आला, मग वाफ आली, काचा धुरकटल्या. मी म्हणत होते, अहो फडकं घ्या, फडकं घ्या. फडकं घ्यायला हात सोडावा लागणार होता. दर वळणाला पाणी हिंदकळायचं आणि मागून एक आवाज यायचा, तोंड मिटून काढलेला. पण टूं टूं पुन्हा झालं नाही. मी आरशात बघितलं नाही. बघितलं असतं तर माझ्या हातून गाडी सुटली असती.

गाडी माणसाच्या चालीवर आली, तेव्हा एका बाजूला घाटदेवीचं छोटं देऊळ आणि त्याच्या मागे रस्त्याच्या कामाचा खडीचा ढीग दिसला. मी गाडीचं नाक त्या ढिगात घातलं. खडी खडखडली आणि आम्ही थांबलो.

खाली उतरून मी ह्यांना देवळाच्या आडोशाला बसवलं. दोन्ही हात मनगटापर्यंत लालभडक, कातडी सुटायला लागलेली. देवळातल्या माठातलं पाणी मी तांब्या तांब्याने त्यांच्यावर ओतत होते आणि तोंडाने त्यांना शिव्या देत होते आणि रडत होते, सगळं एकदमच. रस्त्याने दोन-तीन गाड्या गेल्या, माझी तिकडे पाठ होती. मग एकदम त्यांनी हात मागे घेतले.

"शर्वरीचंपण मीच गाळलंय."

माझ्या हातातून तांब्या पडला. ती वर हॉटेलात. शंभर होईपर्यंत थांबणार, कारण बापाने बजावलंय. आणि शंभर झालं की बाळाला घेऊन हाच घाट उतरणार. मी फोन काढला. घाटात रेंज नाही. इथे उभं राहून तिला हात करावा, तर ती थांबणार कशी? तिच्याकडे ना पातेलं ना शेगडी, आणि मागे बाळाला मांडीवर घेतलेल्या मंदावन्सं.

खाली जाता येत नव्हतं, पण वर जाता येत होतं. चढाला ब्रेक लागत नाही. मी गाडी खडीतून मागे घेतली, एका ट्रकवाल्याला आडवी झाले, त्याच्या शिव्या खाल्ल्या आणि वळवली. घाट चढताना बॅटरी हळूहळू उतरत होती, मोटरचा ब्रेक परत आला होता, आम्ही दोघं आता सुरक्षित होतो. त्याचं मला काहीच वाटत नव्हतं. समोरून गाडी आली की मी आधी तिचा रंग बघायचे. शर्वरीची गाडी पांढरी. पांढऱ्या गाड्या किती असतात जगात, आणि त्या सगळ्या त्या दिवशी आंबा घाटात उतरत होत्या. एकही तिची नव्हती. त्या फुटक्या कठड्यापाशी मी हळू झाले. हे माझ्या बाजूच्या खिडकीतून खाली दरीत बघत होते. मीही बघितलं. झाडंच होती.

हॉटेलसमोर चार्जरची वायर हुकाला गुंडाळून ठेवलेली. जागा रिकामी. हॉटेलचे मालक बाहेर आले, ह्यांचे हात बघून चरकले. मी त्यांना शर्वरीचं विचारलं. "त्या ताई? तुमच्या मागोमागच निघाल्या की. बाळ लई रडाय लागलं होतं."

रस्ता एकच आहे आणि आम्ही तो पुरा चढून आलो होतो. ती आम्हाला भेटली नव्हती.

हे तिथेच पायरीवर बसले. मी फोन लावला, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मालक मोटारसायकल काढतो म्हणाले, मी मान डोलावली. मला फक्त तो कठडा दिसत होता आणि झाडं दिसत होती. ह्यांनी आपले दोन हात समोर धरले होते आणि ते दुसऱ्या कुणाचे असावेत तसे त्यांच्याकडे बघत होते.

तेवढ्यात फोन वाजला.

"आई, कुठे आहात गं तुम्ही? मी घाट उतरून साखरप्याला येऊन कधीची थांबलेय, रेंज आत्ता आली. वाटेत कुठे दिसलाच नाहीत." मी काही बोलायच्या आधी तिचा आवाज खाली आला. "आणि बाबांना सांगू नकोस हं. मी ऐंशीलाच वायर काढली. बाळ ऐकेना."

ऐंशी. वीस टक्के जागा. तिच्या मोटरने अख्खा घाट गोळा करून त्या जागेत ओतला होता, खऱ्या ब्रेकची तिला गरजच पडली नव्हती. मी तांब्याने पाणी ओतत होते तेव्हा ती माझ्या पाठीमागून गेली होती, बापाचं न ऐकून.

"नाही सांगत," मी म्हटलं. "पण तू आधी गाडीतून उतर. बाळाला घे, वन्संना घे, आणि लांब जाऊन उभी राहा. त्या गाडीला आता हात लावायचा नाही."

ती का, का करत राहिली. ह्यांनी फोन मागितला. त्यांना तो धरता येईना, म्हणून मी त्यांच्या कानाला लावला. पलीकडून शर्वरी हॅलो, हॅलो म्हणत होती. मग तिकडे बाळ रडायला लागलं, अगदी मोठ्याने. माझा हात भरून आला तेव्हा मी फोन काढायला गेले, तर ह्यांनी मान कलती करून तो खांद्याने दाबून धरला आणि ते रडणं ऐकत बसून राहिले.